हजेरी ऐच्छिक, मतदान चोख

ए. एस. नील यांनी १९२१ साली काढलेली समरहिल ही शाळा आज इंग्लंडात सफोकमध्ये आहे. तासाला बसायचं की झाडावर चढायचं, हे तिथे पोरंच ठरवतात. शाळेच्या सभेत चिमुरड्यालाही शिक्षकाइतकंच एक मत. सरकारी तपासनीसांना हे पचेना. २००० साली प्रकरण लंडनच्या कोर्टात गेलं, सरकारने नमतं घेतलं. तडजोड मान्य करायची का, यावर मुलांनी कोर्टातच सभा भरवून मतदान केलं! २००८ साली बीबीसीने त्यावर बालमालिका काढली. पाहणारी बहुतेक पोरं अर्थात सक्तीच्या शाळेतली. लोकशाही पाठ्यपुस्तकात पाच गुणांपुरती असते तोवर साहेबांना गोड. पोरांनी ती वापरायला काढली, की तपासणी आलीच.