मोठा बृहस्पती लागून गेलास!

मिरजेत महात्मा गांधी चौक पोलीस ठाणं आहे. त्यामुळे मिरजकराला सकाळच्या चहाबरोबर अधूनमधून अशा धाटणीची बातमी वाचायला मिळते : गुटख्याचा गोरखधंदा गांधी चौक पोलिसांनी उघडकीस आणला. बातमीदाराने घाईत पाडलेलं वाक्य. पण त्यात एका महात्म्याने एका महायोग्याच्या धंद्यावर छापा घातलेला असतो, आणि वाचणाऱ्याच्या बशीतला चहा हिंदकळतसुद्धा नाही.

गोरक्षनाथांचं गुटख्याशी काय देणंघेणं? मूळचा गोरखधंदा म्हणजे नाथपंथी साधू जवळ बाळगत ते कोडं. तारा, कड्या, लाकडाचे तुकडे एकमेकांत असे अडकवलेले, की युक्ती ठाऊक असेल त्यालाच सुटावेत. भोवती जमलेल्या पोरांनी जोर लावावा, दात लावावेत, हरावं. आणि मग साधूने दोन बोटांनी कडी अलगद मोकळी करावी. संसाराचा गुंता ओढाओढीने सुटत नाही, हे पोथी न उघडता सांगायची ही सोय. पुढे कोडं हरवलं, गुंता उरला. गुंत्याला लबाडी चिकटली. मराठी वर्तमानपत्रांच्या हाती शब्द लागला तोवर त्याचा चक्क चोरधंदा झाला होता. नुसरत फतेह अली खान यांच्या एका गाजलेल्या कव्वालीत तर प्रत्यक्ष देवालाच गोरखधंदा म्हटलं आहे, आणि ते न सुटणारं कोडं या अर्थाने. ऐकणारे माना डोलावतात. तोच शब्द आम्ही वाळूउपशाला लावतो.

गंमत अशी, की याच सांगली जिल्ह्यात बत्तीस शिराळा आहे. तिथली नागपंचमी गोरक्षनाथांनी घालून दिली अशी आख्यायिका सांगतात. मातीच्या नागाची पूजा करत बसलेल्या बाईला त्यांनी विचारलं, जिवंत नाग आणला तर पूजशील का? शिराळ्यात हे नाव घेताना हात जोडले जातात, आणि परतीच्या एसटीत पेपर उघडला की तेच नाव जुगारअड्ड्याच्या मथळ्यात बसलेलं. हरयाणा सरकारने 2021 मध्ये हा शब्द वापरायला बंदीच घातली. भावना समजण्यासारखी आहे. पण शब्दाला बंदी घालून धंदे थांबत नाहीत, आणि मथळे पाडणाऱ्याला पाच अक्षरांत मावणारा दुसरा शब्द सुचल्याशिवाय हाही थांबणार नाही.

विचारवंताच्या नावाचा शब्द होतो तेव्हा तो बहुधा त्याचे विरोधक पाडतात, निदान त्याला न वाचलेले लोक तरी. तेराव्या शतकात स्कॉटलंडच्या डन्स गावचा जॉन नावाचा एक तत्त्वज्ञ होऊन गेला. आपल्या हिशेबाने जॉन डन्सकर. बुद्धी इतकी तल्लख, की लोक त्याला सूक्ष्म आचार्य म्हणत. 1308 मध्ये तो वारला. दोनशे वर्षांनी नव्या विद्येचे पंडित आले, त्यांना डन्सकरांच्या अनुयायांचा शब्दच्छल सोसवेना, आणि इंग्रजीत ‘डन्स’ म्हणजे मठ्ठ असं ठरून गेलं. वर्गातल्या ढ मुलाच्या डोक्यावर घालायच्या निमुळत्या टोपीलाही त्याचंच नाव. उद्या कुणी ‘मिरजकर’ म्हणजे मठ्ठ असं ठरवलं तर आम्ही मोर्चा काढू. डन्सवाल्यांनी काढला की नाही, कोण जाणे.

आपल्याकडे चार्वाकाची तीच गत. हप्त्यावर मोबाइल घेणाऱ्या पुतण्याला काका ‘चार्वाक आहेस’ म्हणतात, कारण कर्ज काढून तूप प्या हे सांगणारा तो, एवढंच काकांना माहीत. चार्वाकांचे स्वतःचे ग्रंथ हरवले. त्यांचं म्हणणं आपल्यापर्यंत आलं ते मुख्यतः त्यांचं खंडन करणाऱ्यांच्या पोथ्यांतून. म्हणजे भावकीतल्या वादात शेजाऱ्याच्या तोंडून ऐकलेली हकिकत. साताऱ्याचे आ. ह. साळुंखे यांनी ‘आस्तिकशिरोमणी चार्वाक’ लिहून त्यांची बाजू मांडली, पण काका ते वाचायच्या भानगडीत पडलेले नाहीत. तिकडे ग्रीक तत्त्वज्ञ एपिक्युरसचं नाव इंग्रजीत खवय्यांना लावतात. तो बिचारा भाकरी-पाण्यावर राहायचा. कधी मेजवानी करावीशी वाटली तर असू दे म्हणून त्याने मित्राकडे चीजचं एक लहानसं भांडं मागितलं होतं.

आणि चार्वाकमताला बार्हस्पत्य मत असंही म्हणतात, म्हणजे बृहस्पतीचं. हा देवांचा गुरू, बुद्धीची परिसीमा. पण मराठी घरात हे नाव कौतुकाने घेतल्याचं निदान माझ्या तरी ऐकिवात नाही. ‘मोठा बृहस्पती लागून गेलास!’ हे वाक्य नेहमी रिमोट उघडून बसलेल्या आणि तो परत बंद न करता आलेल्या माणसाला उद्देशून असतं. डन्सकराला मठ्ठ करायला इंग्रजांना नवा अर्थ घडवावा लागला. आमच्या आज्जीचं काम नुसत्या सुरावर भागायचं.

सुरावरून आठवलं, मिरजेत नावांची गाडी उलट्या रुळावरून धावते. इथे कामावरून नाव पडतं. हत्यारांना धार लावणारे शिकलगार एकोणिसाव्या शतकात सतारी-तंबोरे बनवू लागले, आणि त्या कामातून ‘सतारमेकर’ हे आडनाव झालं. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, म्हणजे आता गावाचं नावही वाद्याला कायद्याने जोडलं गेलं. मला हा व्यवहार जास्त रोख वाटतो. तंबोरा नीट लागला नाही तर सतारमेकराला गिऱ्हाईक जाब विचारू शकतं. पतंजलीला कोण विचारणार? ‘पतंजली संपलंय, उद्या येईल,’ असं किराणा दुकानदार सांगतो तेव्हा तो योगसूत्रांबद्दल नव्हे, टूथपेस्टबद्दल बोलत असतो.

प्लेटोचं त्यातल्या त्यात बरं चाललंय. ‘प्लेटॉनिक’ हा शब्द आपण डोळा बारीक केल्याशिवाय उच्चारत नाही, ते सोडा. पण पोलीस भरतीसाठी सोळाशे मीटर पळणारी पोरं जिथे नाव घालतात तिला अकॅडमी म्हणतात, आणि हे नाव आलंय प्लेटोच्या अथेन्सजवळच्या शाळेवरून. त्यात वावगं काही नाही. ती शाळाही व्यायामशाळेच्या आवारातच होती. शिवाय ‘प्लेटो’ हे त्याचं पाळण्यातलं नाव नव्हे, रुंद बांध्यावरून कुस्तीच्या वस्तादाने पाडलेलं, असं जुने चरित्रकार सांगतात. हिंदकेसरी मारुती मानेंच्या जिल्ह्यात त्याला खुराकाला काही कमी पडलं नसतं.

अडचण होईल ती पायथागोरसची. शाळेत काटकोन त्रिकोणापुरता भेटणारा हा गृहस्थ तारेची लांबी आणि सूर यांचं गणित मांडणारा म्हणून ओळखला जातो, तेव्हा सतारमेकर गल्लीत त्याचं स्वागतच होईल. पण दुपारी जेवायचं कुठे? इंग्रजीत शाकाहारी माणसाला एकोणिसाव्या शतकापर्यंत ‘पायथागोरियन’ म्हणत, कारण त्याच्या पंथात मांस वर्ज्य. म्हणजे इथल्या खानावळीच्या पाटीवर तांबड्या-पांढऱ्याच्या खाली ‘पायथागोरस थाळी’ लिहायला हरकत नाही. पण त्याच्या पंथात शेंगेतलं कडधान्यही निषिद्ध होतं. मटण नको म्हटल्यावर मालकाने मुकाट्याने मटकीच्या उसळीचा डाव उचलायचा, आणि पाहुण्याने वाटीवर हात आडवा धरायचा.

‘उसळ पण नको?’ मालक म्हणणार, ‘मग पाव्हणं, मिरजेत आलासा कशाला?’