लेथ, किलोवर

सुरतेत कापड मीटरवर मिळतं, हिरा कॅरेटवर आणि लाकूड कातायचं जुनं लेथ किलोवर. उधन्याच्या भंगारवाल्याच्या लेखी ते यंत्र नव्हतंच. ते होतं ओतीव लोखंड; आणि मोटर म्हणजे तांब्याची तार भरलेला डबा, म्हणून तिचा भाव निराळा. "काका, सोना जेवुं छे," असं म्हणत त्यानं ते काट्यावर चढवलं.

आता पंचाईत अशी, की लाकडाचं लेथ जितकं जड तितकं चांगलं. ओबडधोबड ओंडका फिरायला लागला की हलकं लेथ त्याच्यासोबत नाचायला लागतं. म्हणजे मला हवा होता प्रत्येक किलो आणि पैसे द्यायचे नव्हते एकाचेही. मनात "अजून दहा किलो असतं तर!" आणि तोंडानं "फार जड आहे हो, परवडत नाही!" असं नाटक मी लग्नाच्या बोलणीतही केलं नव्हतं.

लेथच्या बेडवर एका ठरावीक उंचीपर्यंत गंज होता. आमच्या लिंबायतच्या माणसाला असला गंज वाचायला कुणी शिकवावं लागत नाही. मिठी खाडी कोणाच्या घरात किती वर चढली, हे इथं कपाटाच्या पत्र्यावरून सांगतात. पण वरवरचा गंज घासून निघतो. बघायचं ते दुसरंच. लाकूड फिरवणारा दांडा हातानं वर-खाली हलवला, तर बेअरिंग खडखडत नव्हतं. मग मागचा टेलस्टॉक सरकवत पुढं आणला आणि दोन्ही सेंटरची टोकं नाकाला नाक भिडतात का पाहिलं. भिडली. सौदा झाला.

टेम्पो गल्लीत शिरला आणि समिती जमली. आमच्या गल्लीतली निम्मी घरं ताप्तीलाइनच्या गाडीनं नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेरकडून आलेली. उतरली ती थेट लूमच्या खात्यात. म्हणजे यंत्राबद्दल मत नसलेला माणूस इथं पाळण्यातच सापडेल. "हाई काय शे?" या प्रश्नाला मी उत्तर देण्याआधीच चौघांनी चार उत्तरं दिली आणि पाचव्यानं किंमत जास्त पडली म्हणून सांगितलं.

सूत्रं हाती घेतली शेजारच्या आबांनी. आबांचं आयुष्य धोट्याच्या लूमवर गेलं. ते लूम आता भंगारात गेले, वॉटरजेट आणि रॅपिअर आले. पण लूममधून निसटलेला धोटा कुठं जातो, हे आबा विसरलेले नाहीत. त्यांचा पहिला हुकूम: "सुरू करताना लाकडासमोर उभं राहायचं नाही. बाजूला." मी पुस्तकांत आणि व्हिडिओंत जे तासन्‌तास पाहिलं होतं, ते त्यांनी बिडी पेटवायच्या आत उरकलं.

मोटर निघाली थ्री फेज; लूमखात्याची सून, ती आमच्या सिंगल फेजच्या घरात नांदणार कशी? ती भंगारात परत गेली आणि एक अश्वशक्तीची सिंगल फेज आली. इथून पुढं लेथ स्वस्त राहिलं नाही. अर्थिंगची वायर, 30 मिलीअँपिअरला तुटणारा आरसीसीबी, पट्ट्यावर जाळी, तोंडावर पारदर्शक ढाल. शिवाय नो-व्होल्ट कॉइलचा स्टार्टर, म्हणजे वीज जाऊन परत आली तरी यंत्र आपणहून सुरू होत नाही. आमची ही म्हणाली, "यंत्रापेक्षा त्याचा विमाच महाग!" हिशोब बरोबर होता, म्हणून मी गप्प बसलो. टेबल भिंतीला आणि जमिनीला बोल्टानं आवळलं, खालच्या फळीवर वाळूच्या गोण्या रचल्या.

वेगाचा प्रश्न निघाला तेव्हा भाच्यानं मोबाइलवर गणित केलं. मोटरचे मिनिटाला 1440 फेरे तसेच्या तसे सहा इंची ओंडक्याला दिले, तर त्याची कड ताशी सुमारे 40 किलोमीटरनं पळते. लिंबायतच्या गरनाळ्यात, म्हणजे रेल्वेखालच्या रस्त्यात, संध्याकाळी एवढा वेग कुणी पाहिलेला नाही. मोठी पुली लावून फेरे निम्मे केले. आधी संथ, लाकूड गोल झालं की मग वेग.

हातमोज्यांवरून मात्र वाद झाला. समितीतले तरुण म्हणाले, घालाच. आबांनी नुसती उजव्या हाताची करंगळी वर केली. तिला पेर एक कमी. मोजा अडकला की यंत्र बोटावर थांबत नाही, हातच ओढून नेतं. मोजे नाहीत, अंगठी नाही, उपरणं नाही, बाही कोपराच्या वर. टूल रेस्ट लाकडाला जेमतेम तीन मिलीमीटर अंतरावर, आणि तो हलवायचा तर यंत्र थांबवून. बटण दाबण्याआधी लाकूड हातानं एक फेरा फिरवून कुठं घासत नाही ना ते पाहायचं.

मला हा सगळा जामानिमा पाहून संखेड्याचे खरादी, म्हणजे लाकूड कातणारे कारागीर, आठवतात. छोटा उदेपूर जिल्ह्यातलं ते गाव सागवानी फर्निचरसाठी नावाजलेलं. फिरत्या लाकडावर लाखेची कांडी दाबली की घर्षणाच्या उष्णतेनं लाख वितळते आणि रंग बसतो. मग केवड्याच्या पानानं चमक. वीज येण्याआधी दोरी ओढून लाकूड पुढं-मागं फिरवत. म्हणजे निम्मा वेळ कापायचं आणि निम्मा वेळ वाट पाहायची. सरकारी कचेरीची सवय असलेल्या माणसाला हे जमण्यासारखं आहे.

पहिलं काम घरातूनच ठरून आलं होतं: लाटणं. बाभळीचा तुकडा लावला, आबा बाजूला, समिती आणखी बाजूला. भुसा उडाला, पटाशी लाकडावर गुणगुणली, कुणालाही काही झालं नाही. याची समितीतल्या काहींना थोडी निराशाच झाली. लाटणं मात्र एका टोकाला जाड, दुसऱ्याला बारीक उतरलं. जमिनीवर सोडलं तर सरळ न जाता गोल फिरून माझ्याच पायाशी आलं.

हिनं ते उचललं, पोळपाटावर दोन हात फिरवले आणि आतूनच जाहीर केलं, "असू द्या. पोळी आपोआप फिरतेय. आता आबांच्या घरासाठी असंच वाकडं काढा, त्यांची सून विचारत होती."