दुरून दुरुस्ती साजरी

रिमोटराव नाहीत असे मराठी घराणे आता शोधूनही सापडायचे नाही. पूर्वी लग्नाच्या पंगतीत स्वतः पळीला हात न लावता "अहो, इकडे मठ्ठा!" असे ओरडत फिरणारे एक काका असत, रिमोटराव हे त्यांचे संगणकयुगातले वारस. ते हिंजवडीला नाही तर न्यू जर्सीला बसतात आणि सांगलीच्या मामांचा प्रिंटर चालू करून देतात. मामांनी स्क्रीनवरचा नंबर वाचून दाखवायचा, मामींनी चष्मा शोधून तो नंबर दुरुस्त करून सांगायचा, आणि पडद्यावरचा बाण कुणी हात न लावता सरकू लागला की सगळ्या घराने श्वास रोखून बघत राहायचे, हा विधी ठरलेला. प्रिंटरमधून कागद बाहेर आला की रिमोटराव विनयाने म्हणतात, "काही नाही हो, सेटिंग हललं होतं." ते सेटिंग कोणते, हे आजवर कुणालाही कळलेले नाही.

या माणसाचे ग्रह फिरतात ते ऑपरेटिंग सिस्टिम बदलली की. विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, तेव्हा हा योग आता घरोघरी आहे. नंबर लागतो, जोडणीही होते; पण पडदा काळाकुट्ट दिसतो, नाही तर चित्र दिसते आणि क्लिक लागत नाही. रिमोटरावांचे औषधालय त्रिफळा चूर्णासारखे, सगळ्या रोगांवर एकच पुडी: बंद करून चालू करा, सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाका, अँटिव्हायरस घटकाभर झोपवा. तिन्ही मात्रा वाया गेल्या की निदान जाहीर होते, "नवीन व्हर्जनच बेकार आहे." माझे म्हणणे असे की हे निदान बहुतेक वेळा चुकते. नव्या सिस्टिमने काही मोडलेले नसते. तिने एक प्रश्न विचारलेला असतो, आणि पंचाईत एवढीच की तो मामींना विचारलेला असतो.

पुरावा जुना आहे. २००७ साली विंडोज व्हिस्टा बाजारात आली आणि महत्त्वाचा बदल करण्याआधी पडदा अंधारून परवानगी मागू लागली. ती खिडकी एका वेगळ्या, सुरक्षित पडद्यावर उघडते. साध्या प्रोग्रॅमला ती दिसत नाही आणि दाबता येत नाही. त्यामुळे रिमोटरावांपुढे नेमका मोक्याच्या क्षणी अंधार, आणि मामींपुढे 'येस' आणि 'नो'. ऑक्टोबर २०१९ मध्ये मॅकवर कॅटलिना आली. तिने ठरवले की स्क्रीन टिपण्याची परवानगी घरच्या माणसाने सेटिंगमध्ये जाऊन दिल्याखेरीज दुसऱ्या प्रोग्रॅमला खिडक्या दिसणार नाहीत, मागचे चित्र तेवढे दिसेल. ते चित्र होते कॅटलिना बेटाच्या डोंगराचे. दुरून डोंगर साजरे ही म्हण एवढ्या तंतोतंत कुठल्याच कंपनीने अमलात आणली नसेल. लिनक्सच्या घरीही तेच. जुन्या एक्स पद्धतीत कुठलाही प्रोग्रॅम शेजाऱ्याची खिडकी न्याहाळू शकत असे, त्याने दाबलेली अक्षरे टिपू शकत असे. वाड्यातला सामाईक व्हरांडाच तो. उबुंटूने एप्रिल २०२१ च्या आवृत्तीपासून वेलँड पद्धत मुख्य केली, तिथे स्क्रीन दाखवायची तर आधी विचारावे लागते. जुन्या रिमोट सॉफ्टवेअरला विचारण्याची सवयच नव्हती, म्हणून त्याच्या वाट्याला काळा पडदा आला. तीन वेगळी घराणी, एकमेकांशी फारसे सख्य नसलेली; पण तिघांनीही कडी आतल्या बाजूला बसवली.

यावर रिमोटरावांचा पहिला आक्षेप असा, की काही वेळा दोष खरोखरच अपडेटचा असतो. असतो. मे २०१८ च्या विंडोज अपडेटनंतर अनेक कचेऱ्यांतले रिमोट डेस्कटॉप एका रात्रीत जोडायचे थांबले. पण कारण पाहावे: लॉगिन तपासण्याच्या पद्धतीतले एक भोक मार्चमध्येच बुजवले होते, आणि मेपासून अद्ययावत संगणक न बुजवलेल्या सर्व्हरशी बोलेना. खरा उपाय सर्व्हर अद्ययावत करणे हा होता. अनेक रिमोटरावांनी आपल्याकडचे अपडेट काढून टाकले, म्हणजे शेजाऱ्याला कुलूप नाही म्हणून आपलेही काढले. मग जुनेच बरे, असे म्हणावे, तर मे २०१९ मध्ये जुन्या विंडोजच्या रिमोट डेस्कटॉपमध्येच एवढे मोठे भगदाड निघाले की मायक्रोसॉफ्टला २०१४ साली आधार काढून घेतलेल्या एक्सपीसाठीही ठिगळ द्यावे लागले. एक गोष्ट मात्र रिमोटरावांच्या पदरात घातलीच पाहिजे. विंडोजच्या होम आवृत्तीत रिमोट डेस्कटॉपने बाहेरच्याला आत घेण्याची सोय नाही, ती प्रोमध्ये आहे. ही कडी सुरक्षेची नव्हे, दुकानदारीची.

दुसरा आक्षेप जिव्हारी लागलेला असतो: "मी काय चोर आहे?" नाहीत. पण सरकणाऱ्या बाणावर आडनाव लिहिलेले नसते. फेब्रुवारी २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना सावध केले, की भामटे ग्राहकांना स्क्रीन दाखवणारे ॲप घ्यायला लावतात, नंबर विचारून घेतात आणि खात्यातले पैसे पळवतात. तोच नंबर, तोच बाण आणि बोलणेही तितकेच गोड. संगणकाला भाचा आणि भामटा सारखेच दिसतात. फरक मामींना कळतो. मामी तरी न वाचता 'अलाऊ' दाबणार, असे कुणी म्हणेल, आणि ते खोटे नाही. प्रश्न विचारल्याने माणूस शहाणा होत नाही, पण "कोण रे तू?" असे विचारायला त्याला एक क्षण मिळतो, आणि भामट्याला नेमका तोच नको असतो.

म्हणून नव्या सिस्टिमवरचा खरा उपाय चूर्णात नाही. रिमोट सॉफ्टवेअरची ताजी आवृत्ती घ्यावी, परवानग्यांची यादी उघडावी आणि फोनवर शांतपणे समजावून सांगावे. रिमोटरावांना हे शेवटचे सर्वांत जड जाते, कारण त्यांची सगळी विद्या समजावून सांगावे लागू नये म्हणूनच होती. न्यू जर्सीत मध्यरात्र उलटलेली असते. ते म्हणतात, "मामी, तेवढं 'अलाऊ' दाबा." सांगलीहून उत्तर येते, "थांब जरा, तिसरी शिट्टी होऊ दे."