किती मिलिमीटर?

साडूभाऊंना तंबू घ्यायचा होता. पाठीवर लादून डोंगरावर न्यायचा नव्हता. गाडीच्या डिकीत टाकायचा, एखाद्या धरणाच्या काठी गाडी उभी करायची, शेजारी तंबू ठोकायचा, बायकोमुलांसह एक रात्र काढायची आणि सकाळी चहा पिऊन घरी यायचं. दुसरा कोणी शनिवारी सकाळी दुकानात गेला असता आणि शनिवारी रात्री तंबूत झोपला असता. पण या वळणाचा माणूस तुमच्याही नात्यात असणारच. पाणी शुद्ध करायचं यंत्र कोणतं घ्यावं हे ठरेपर्यंत ज्याच्या घरच्यांनी दोन उन्हाळे उकळलेलं पाणी प्यायलं, जुना मिक्सर जळल्यावर नव्याचा अभ्यास पुरा होईतो ज्याच्या बायकोने चटणी पाट्यावर वाटली, तोच हा.

तंबूच्या बाबतीत हा अभ्यास एका आकड्यावर येऊन अडकला. कापडाची एक परीक्षा असते. कापड ताणून धरायचं, त्यावर पाण्याचा उभा स्तंभ चढवत न्यायचा आणि कितव्या मिलिमीटरला पाणी आरपार झिरपू लागतं ते पाहायचं. दीड हजार भरले तर वरचं कापड बऱ्यापैकी पाऊस सोसतं, दोन-तीन हजार असतील तर उत्तम. तळाचं कापड त्याहून दणकट हवं, कारण त्यावर आपण गुडघे टेकतो आणि त्या दाबाने ओल्या जमिनीतलं पाणी वर येतं. हे सगळं ज्ञान मला आमच्या लग्नाच्या वाढदिवसाला, बासुंदी गार होत असताना मिळालं. तेव्हापासून हा गृहस्थ जगातल्या प्रत्येक कापडाकडे एकाच नजरेने पाहतो.

मेहुणीबाईंच्या नणंदेच्या मुलाचं लग्न होतं, गावाकडे, मे महिन्यात. पंगत बसली आणि वळीव आला. मांडवाच्या कापडाला पाण्याने पोटं सुटली, मांडववाल्याची पोरं खालून बांबूने ती ढोसत होती, वऱ्हाडी मंडळी ताटं उचलून पळत होती. साडूभाऊ मात्र खुर्चीवर चढून अंगठ्याने कापड दाबून पाहत होते. मांडववाला हातात दोर घेऊन धावत चालला होता, त्याला त्यांनी थांबवलं.

"काय हो, हे किती मिलिमीटर?"

"साहेब, आपल्याकडं फुटावर असतं," असं म्हणून तो गेला.

बोहरी आळीत तंबूखाली अंथरायला ताडपत्री बघायला गेलो, तिथेही तेच. दुकानदार म्हणाला, "मिलिमीटर नाही, जीएसएम बोला. दोनशे देऊ की अडीचशे?" साडूभाऊंनी वहीत 'एका चौरस मीटरचे ग्रॅम' असा नवा रकाना आखला आणि आम्ही ताडपत्री न घेता परत आलो. मुलाचा शाळेचा रेनकोट, भाचीची छत्री, शेजाऱ्यांच्या बाल्कनीतलं पावसाळी प्लॅस्टिक, कशाचीही सुटका नाही. गणपतीत मंडळाच्या मांडवात आरती चालू असताना यांची मान वर. भोवतालच्या बायकांना वाटायचं, काय भक्ती आहे.

त्यांना पहिल्यांदा गप्प केलं ते आमच्या सासूबाईंनी.

"जावईबापू, लोणावळ्याला पाऊस किती पडतो?"

"वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या वर."

"आणि तुमचा तंबू कितीचा?"

"दोन हजारांचा बघतोय."

"म्हणजे अर्ध्या पावसाळ्यात गळायला लागणार."

पावसाचे मिलिमीटर म्हणजे वर्षभर पडलेलं पाणी आणि कापडाचे मिलिमीटर म्हणजे दाब, हे त्यांनी सासूबाईंना कागदावर आकृती काढून समजावलं. सासूबाईंनी त्या कागदावर तांदूळ निवडले. त्यांनी दिंडीबरोबर आळंदी ते पंढरपूर पायी वाऱ्या केल्या आहेत, आणि गाडीतून तंबू न्यायची जी कल्पना साडूभाऊ नवी म्हणून सांगत असतात, ती दिंड्यांच्या ट्रकांना जुनी आहे. पहाटे तंबू मोडायचे, ट्रकात घालायचे, ट्रकाने पुढे जायचं. वारकरी चालत फलटणला किंवा नातेपुत्याला पोचेतो तिथे तंबू उभे. तेही आषाढात. सासूबाईंचं म्हणणं एवढंच, की पाणी वरून कमी आणि खालून जास्त येतं. म्हणून जागा जरा उंचवट्याची बघा, भोवती चर खणा, आणि सुती तंबू भिजला की आतून त्याला बोट लावू नका, लावाल तिथून टिपकतो. "आमच्या तंबूला किती मिलिमीटर होते ते माउलींना ठाऊक," असं म्हणून त्या आत गेल्या. साडूभाऊंनी वहीत 'चर' असं लिहून घेतलं.

मग माणसांचा हिशेब. चारजणांचा तंबू असं पिशवीवर लिहिलेलं असतं, तेव्हा एका माणसाला साधारण साठ सेंटिमीटर रुंदी धरलेली असते. रेल्वेच्या बर्थवर जेवढं आडवं होता येतं, तेवढीच. त्यात उशा नाहीत, पिशव्या नाहीत, झोपेत लाथा मारणारा मुलगा नाही. तेव्हा लिहिलेल्या आकड्यातून दोन वजा करायचे आणि जेवढे उरतील तेवढी माणसं त्यात सुखाने झोपतात, हा साडूभाऊंचा नियम. तो बरोबर आहे, हे मी नाइलाजाने मान्य करतो. पण नियम पारखून घ्यायला हवा, म्हणून सगळ्या कुटुंबाला महामार्गावरच्या त्या मोठ्या क्रीडासाहित्याच्या दुकानात नेऊन, मांडून ठेवलेल्या तंबूत ओळीने झोपवलं गेलं. स्वतः टेप घेऊन बाहेर. मेहुणीबाई आतून म्हणाल्या, "अहो, साडी नेसायला उभं कुठे राहायचं?" त्या क्षणी घुमटाकार तंबू बाद झाले आणि उभ्या भिंतींच्या उंच तंबूंचा अभ्यास सुरू झाला. दरम्यान धाकटीला खरंच झोप लागली होती. दुकानातला मुलगा सभ्य होता, त्याने तिला उठवू दिलं नाही.

आणखी एक रकाना वजनाचा. साडूभाऊ तंबूचं वजन ग्रॅममध्ये लिहीत. तीन किलो आठशे वीस की चार किलो शंभर, यावर एक अख्खी कोजागिरी गेली. मी म्हटलं, "अहो, वाहणार आहे गाडी. गाडीला दोनशे ऐंशी ग्रॅमचं काय?" वास्तविक गाडीने जायचं असेल तर स्वस्तात मस्त तंबू मिळण्याचं गुपित इथेच आहे. वजन कमी करायचे जे जादा पैसे मोजावे लागतात, ते वाचतात. फायबरग्लासच्या काठ्या ॲल्युमिनियमपेक्षा जड असतात, मोडतातही लवकर, पण स्वस्त असतात, आणि एखादी जास्तीची काठी डिकीत टाकून ठेवता येते. थोडे पैसे जास्त घालायचेच तर ते दुहेरी कापडावर घालावेत, आत जाळीदार आणि बाहेर पावसाचं, शिवणींवर आतून पट्टी मारलेली. साडूभाऊंना हे सगळं माझ्याआधी माहीत होतं. तरी त्यांनी वजनाचा रकाना खोडला नाही. रकाना खोडणं त्यांच्या स्वभावात नाही.

एकदा मात्र तंबू घरी आला होता. फेकला की उभा राहणारा, अगदी स्वस्तातला, आवडला नाही तर परत करायच्या बोलीवर मागवलेला. त्यांनी तो हॉलमध्ये फेकला. तो उभा राहिला, वाटेत टीपॉयवरचं भांडं आणि भिंतीवरचं कॅलेंडर घेऊन. तो घडी करायला त्यातली पोलादी कडी इंग्रजी आठासारखी पिळावी लागते. ती विद्या घरात कोणालाच येईना. साडूभाऊ पिळत आणि तंबू सुटून पुन्हा उभा राही. मग तो काही दिवस हॉलमध्येच राहिला. पाहुणे त्याला वळसा घालून सोफ्यावर जात. मुलांनी त्यात गृहपाठ केला, त्यात जेवली, रात्री पंखा लावून त्यातच झोपली, आणि धाकटीने दारावर 'आत येण्यापूर्वी विचारा' अशी पाटी लावली. परत न्यायला माणूस आला तेव्हा दोघंही रडली. साडूभाऊंचा निकाल ठरलेला होता: "एक हजार मिलिमीटर. हॉलमध्ये ठीक आहे."

अशा माणसाबद्दल प्रेम वाटणं कठीण असतं. मलाही वाटत नव्हतं, आणि भंडारदऱ्याची ती रात्र झाली नसती तर बरं झालं असतं असं कधीकधी वाटतं, कारण त्यानंतर त्यांची मनापासून टिंगल करता येईना.

काजवे पाहायला गेलो होतो, जूनच्या तोंडावर. आम्ही भाड्याचे तंबू घेतले होते. साडूभाऊंनी ते दाबून पाहिले आणि आपण गाडीत झोपणार असं जाहीर केलं. रात्री काजवे पाहून आलो आणि वीज कडाडू लागली. तेव्हा या माणसाने ओरडून ओरडून त्या माळावरच्या सगळ्यांना तंबूंतून काढून गाड्यांत बसवलं. विजेपुढे तंबू काही कामाचा नाही, बंद पत्र्याची गाडी बरी, हे त्यांनी वाचून ठेवलेलं होतं. गडगडाट दूर गेला, पाऊस राहिला. लोक परत तंबूंत शिरले आणि साडूभाऊ टॉर्च घेऊन बाहेर पडले. ज्या ज्या तंबूचं बाहेरचं कापड आतल्याला चिकटलं होतं ते ताणून सोडवलं, सैल दोर आवळले, सरळ ठोकलेल्या खुंट्या उपटून तिरक्या ठोकल्या, आणि कोणाचं तरी कुदळ मागून चर खणला. ओळख ना पाळख, अंधारातून हाका येत होत्या, "काका, इकडे पण या ना!" आणि प्रत्येक तंबूपाशी वाकून ते विचारत होते, "किती मिलिमीटर?"

"काका, बादलीने येतंय!" आतून एका मुलीने सांगितलं.

सकाळी एका तंबूच्या आतल्या भिंती ओल्या होत्या. गळला, गळला, असा ओरडा झाला. साडूभाऊंनी हात फिरवून सांगितलं, "हा पाऊस नाही, तुमचे श्वास आहेत. रात्री झडपा बंद ठेवल्या होत्या ना?" चिखलाने गुडघ्यापर्यंत माखलेला, रात्रभर न झोपलेला हा माणूस इतका खूश मी कधी पाहिला नव्हता. त्या माळावर स्वतःचा किंवा भाड्याचाही तंबू नसलेले तेवढे एकटेच होते.

त्यांच्या वहीची पहिली पानं मी नंतर केव्हातरी चाळली. सुरुवातीला वर लिहिलं होतं, माणसं सहा: आई, बाबा, आम्ही दोघं, मुलं दोन. म्हणजे नियमाप्रमाणे तंबू आठजणांचा. त्याच्या किमती बघूनच घाम फुटला असणार. मग त्यांचे वडील म्हणाले, जमिनीवर निजलो तर मला उठवायला क्रेन आणा. आईंनी रात्री उठून जायचं कुठे एवढंच विचारलं आणि त्याचं उत्तर कुठल्याच रकान्यात नव्हतं. माणसं चार, तंबू सहाचा. पुढे वडील गेले. मुलगा शिकायला बाहेर पडला तो तिकडेच नोकरीला लागला. माणसं तीन, तंबू पाचचा. पाचाचे फारसे मिळत नाहीत, त्यात आणखी वर्ष गेलं. धाकटी हॉस्टेलवर गेली. आधीचा आकडा प्रत्येक वेळी नीट, पट्टी लावून खोडलेला होता. म्हणजे खोडणं अगदीच स्वभावात नव्हतं असं नाही.

गेल्या महिन्यात त्यांनी तंबू घेतला. चारजणांचा, दुहेरी कापडाचा, उभं राहता येईल असा. वर तीन हजार, तळाला पाच हजार. किंमत सांगितली नाही, पण मेहुणीबाईंकडून कळलं की जो तंबू पहिल्या वर्षी महाग म्हणून सोडला होता त्याच्या जवळजवळ दुप्पट. मी म्हटलं, "तुम्ही तर दोघंच." म्हणाले, "म्हणूनच. चारातून दोन गेले."

तंबू डिकीत आहे, पण अजून ठोकलेला नाही. खाली घालायच्या गादीचा अभ्यास सुरू आहे. ती जमिनीचा गारवा किती अडवते, याचंही एक माप असतं, त्याला आर-व्हॅल्यू म्हणतात. परवा आमच्या घरी सोफ्यावर बसता बसता त्यांनी गादी दाबून पाहिली आणि मी लगेच विषय बदलला.

धाकटी डिसेंबरात सुट्टीवर येणार आहे. तिने फोनवर सांगून टाकलंय की गादी मिळो न मिळो, तंबू त्या आठवड्यात भंडारदऱ्याला लागला पाहिजे, नाहीतर ती तो हॉलमध्ये लावेल. जागा ठरली आहे, आणि कुदळ या वेळी घरूनच नेणार आहेत. आता डिसेंबरात भंडारदऱ्याला थंडी असते, पाऊस नसतो. ही गोष्ट अजून साडूभाऊंच्या लक्षात आलेली नाही. तरी वाचकांपैकी त्यांना ओळखणाऱ्या कोणीही ती कृपया त्यांच्या कानावर घालू नये, ही नम्र विनंती.