हातमोज्यांना हात आखडता

पुण्याच्या बाल्कनीत तुळशीच्या दोन कुंड्या असतात आणि त्यांची माती उकरायला फुलाफुलांचे हातमोजे. जणू मंजिरी खुडताना तुळस चावणारच आहे. इकडे शिरूर तालुक्यात उसाचं पाचट काढणारी बाई उघड्या हातांनी धारदार पात्यांशी झुंजते, आणि मोज्यांचं विचारलं तर पदर तोंडाला लावून हसते. रांजणगावच्या एमआयडीसीतल्या कारखान्यात मोज्यांशिवाय यंत्राजवळ फिरकायची सोय नाही. पाळी संपवून तिथलाच गडी घरच्या कांद्यावर फवारायला निघाला, की औषध बादलीत ओतून हातानंच ढवळतो. वर ऐकवतो, काळ्या आईला हात लावायला लाज कसली? काळी आई ठीक आहे हो, पण औषधाच्या डब्यावरचा विषाचा लाल त्रिकोण कोणाचा नातलग?

कायदा मात्र शिष्ट. कीटकनाशक नियम, १९७१ मध्ये मनगट आणि कोपर यांच्या मध्यापर्यंत पोचणारे रबरी मोजे सांगितलेत. नियम लिहिणाऱ्यांनी ते ऑक्टोबरच्या उन्हात, पाठीवर पंप घेऊन, एकदा घालून पाहावेत. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी आणि मजूर दगावले, तेव्हा कुठे संरक्षक किटची चर्चा गावोगाव पोचली. बांधावरचं गाजर गवत तर वेगळंच. ते उघड्या हातानं उपटत राहिलं की कातडीची खाज पाठ सोडत नाही.

तेव्हा तुळशीला बोटं चालतील. गाजर गवताला, उसाला आणि औषधाला मोजेच हवेत. मजुराचे मोजे मालकानं घ्यावेत, आणि त्यांचे पैसे रोजातून कापू नयेत.