विंडसरचा घाट

गावाकडचा पाहुणा इंग्लंडला आला की त्याला राजवाडा, पूल आणि मोठं घड्याळ दाखवायचं, असा आमच्या घरातला शिरस्ता. खेड तालुक्यातल्या मामांनी पुलावर उभं राहून जांभई दिली, तेव्हा मी शिरस्ता मोडला आणि त्यांना स्लाउहून शेजारच्या विंडसरला घोड्यांच्या शर्यतीला नेलं.

थेम्सच्या काठी हिरव्यागार गवतात हे मैदान आहे. उन्हाळ्यात सोमवारी संध्याकाळी शर्यती लावायची इथली जुनी रीत. नऊ वाजेपर्यंत सूर्य हटत नाही, त्यामुळे संध्याकाळ भरपूर मिळते. ऊब मात्र मिळेलच असं नाही. मामांनी स्वेटर काढला नाही. टोपीही काढली नाही, आणि ते बरंच झालं. आजूबाजूला बायकांच्या डोक्यावर पिसं, फुलं, जाळ्या असा सगळा बगीचाच होता. त्यात मामांची पांढरी टोपीच काय ती साधी दिसत होती.

"घोडी दिसतेय," मामा मैदान न्याहाळत म्हणाले, "बैल कुठंयत?"

त्यांचंही बरोबर होतं. आमच्याकडच्या बैलगाडा शर्यतीच्या घाटात घोडी बैलांच्या पुढं पळते, बैल गाडा घेऊन तिच्या मागं, आणि सगळा हिशोब सेकंदांचा. इथं नुसतीच घोडी पळणार म्हणजे मामांच्या मते निम्माच कार्यक्रम. त्यातून विंडसरची धावपट्टी इंग्रजी आठाच्या आकड्यासारखी. "घाट सरळ पायजे. हे वळण घेऊन घोडं कुणाकडं निघालंय?"

शर्यतीआधी घोडे गोल रिंगणात फिरवतात. सर्वांत छान सजवलेल्या घोड्याच्या मोतद्दाराला कधीकधी बक्षीसही असतं. मामांनी सगळे घोडे खालून वर पाहिले आणि म्हणाले, "गोंडा नाय, झूल नाय, गुलालाचा टिपका नाय. बक्षीस कशाचं, आंघोळीचं?"

शर्यतीच्या सगळ्या घोड्यांचा वाढदिवस इथं कागदोपत्री १ जानेवारीला धरतात, हे मी सांगितलं आणि मामा पहिल्यांदाच खुलले. त्यांच्या पासपोर्टवर १ जून आहे. त्यांच्या वर्गातल्या झाडून सगळ्यांचाच १ जून. "म्हंजे यांचे बी मास्तरच दाखल करून घेत्यात!"

मामा माळकरी, पैसे लावणार नाहीत. सल्ला द्यायला माळ आड येत नव्हती. मी नाव बघून घोडा निवडत होतो, ते मागचे पाय बघून. त्यांनी दाखवलेल्या एका तांबड्यावर भाव होता सातास दोन. म्हणजे दोन पौंड लावले आणि घोडा आला, तर सात वर आणि आपले दोन परत. "आणि नाय आला तर?" मामांनी विचारलं. बुकीच्या अंगावरचा कोट बघून त्यांना उत्तर मिळालं असावं.

सहा फर्लांग, म्हणजे बाराशे मीटर, सव्वा मिनिटात संपले. मग पुढच्या शर्यतीपर्यंत अर्धा तास नुसतं उभं राहायचं. मामांना यात काही वावगं वाटलं नाही. घाटातही काही सेकंदांसाठी दिवसभर उन्हात बसतातच की. तांबडा नाकभर पुढं राहून जिंकला. इथं खरोखर नाकानं मोजतात.

मामांना डाचली ती चाबकाची गोष्ट. सपाट शर्यतीत जॉकीला सहा फटक्यांची मुभा, सातव्याला कारवाई. आमच्याकडं नियमानं चाबूकच नाही, काठीही नाही. "२०१४ ला कोर्टानं घाट बंद केला, तो २०२१ च्या डिसेंबरात उघडला. आम्हाला सात वर्षं बंदी, आन् यांना सहा फटके माफ!" शेजारचे तरुण कौतुकानं मान हलवत होते. त्यांना एक अक्षर कळलेलं नव्हतं.

शेवटच्या शर्यतीत घोडे वळणावरून सरळ पट्टीवर आले आणि मामांच्या तोंडून घाटातली आरोळी सुटली, "भिर्रर्रर्र!" पिसांच्या टोप्या वळल्या. शेजारच्या त्या तरुणांना ती भलतीच आवडली. बिअरचे पेले उंचावून तेही ओरडू लागले, पण त्यांच्या इंग्रजी जिभेवर 'र' काही थरथरेना. मामांनी शर्यतीकडं पाठ फिरवली, एकाच्या खांद्यावर हात ठेवला आणि मला म्हणाले, "सांग त्याला, जीभ टाळूला लावायची. आन् श्वास पोटातनं."