सेटिंगवाले आप्पा

ऊसबिलाचा हप्ता खात्यावर पडला की कोऱ्हाळे बुद्रुकमध्ये कुणाच्या ना कुणाच्या दारात थर्माकोल दिसू लागतो. पूर्वी तो फ्रिजचा असायचा, मग मोठ्या टीव्हीचा. आता होम थिएटरचा असतो. पाच स्पीकर, एक सबवूफर आणि या सगळ्यांना कामाला लावणारा तो जडशीळ रिसीव्हर. थर्माकोल उकिरड्यावर जायच्या आत आप्पांच्या कानावर बातमी गेलेली असते. बोलवायला कुणी जात नाही. संध्याकाळच्या धारा आटोपल्या की आप्पा आपणहून येतात, चपला दारात काढतात, हॉलच्या मधोमध उभे राहून एक सणसणीत टाळी वाजवतात, मान वाकडी करून ऐकतात आणि निकाल देतात, "रूम घुमतीय."

घुमतेच. चकचकीत फरशी, कोऱ्या भिंती, वर स्लॅब, खिडकीला पडदा नाही. अशा हॉलमध्ये टाळीसुद्धा तीनदा ऐकू येते, तिथं सिनेमाचं काय होणार? आप्पांचं निदान अचूक असतं, पण त्यावर जाड पडदे आणि सतरंजी हा इलाज कुणी करत नाही. नवी फरशी झाकायला ती बसवलेली नसते. मग खोलीचं दुखणं रिमोटने बरं करायचं काम उरतं, आणि त्यासाठी आप्पा आहेत.

आप्पा हे एका माणसाचं नाव समजू नका. वडगाव निंबाळकरला एक आप्पा आहेत, पणदऱ्याला आहेत, तिकडे इंदापूर तालुक्यात निमगाव केतकीलाही असणारच. पुण्यात ते सोसायटीच्या तिसऱ्या मजल्यावर राहतात आणि त्यांना काका म्हणतात. आपण आमच्या नीरा-बारामती रस्त्यावरचेच घेऊ.

त्यांचं शिक्षण विचारलं तर ते दहावीचं वर्ष सांगत नाहीत, आयसीचा नंबर सांगतात. ४४४०. सान्यो कंपनीची ही चिप मुळात गाडीतल्या टेपसाठी केलेली, बारा व्होल्टवर चालणारी. गावोगावी जोडल्या गेलेल्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये ती हमखास सापडायची. आप्पा एसटीने पुण्याला जायचे, बुधवार पेठेतल्या तापकीर गल्लीतून किट आणायचे, ट्रान्सफॉर्मर लाकडी खोक्यात ठोकायचे आणि स्पीकर माठाच्या तोंडावर उपडा घालायचे. माठ आपल्या एकाच सुरात घुमतो. त्यामुळे ढोलकी असो, भजन असो की आकाशवाणीच्या बातम्या, बेस सगळ्यांना सारखाच. त्या काळात आप्पांच्या घरी पाणी पितळेच्या घागरीत असायचं. घरातले सगळे माठ गाणी म्हणत होते.

पुढे आप्पांनी ट्रॅक्टर केले. गळीत हंगामात रात्री सोमेश्वर कारखान्याकडे निघालेला उसाचा ट्रॅक्टर आधी ऐकू येतो आणि बऱ्याच वेळाने दिसतो, त्यात आप्पांचाही वाटा आहे. मग खोक्यावर पीएमपीओचे हजारो वॉट छापलेले स्पीकर आले, आणि इथे मात्र आप्पांनी गावाचे पैसे वाचवले. ते खोकं उलटं करून मागची पट्टी वाचायचे. पुढे पाच हजार वॉट, मागे विजेचा खर्च चाळीस वॉट. "चाळीस किलो खाऊन पाच हजार किलो शेण टाकणारी म्हस दाखवा, मी बी घेतो दोन," म्हणायचे. वॉटचं गणित एवढ्या थोडक्यात कुठल्या पुस्तकात सापडणार नाही.

आप्पांना ज्ञान आहे, यात वादच नाही. घोळ होतो तो ते ज्ञान घरात शिरतं तेव्हा.

रिसीव्हरच्या मेनूत एक प्रश्न येतो, स्पीकर स्मॉल की लार्ज? यजमानाने कमरेएवढे टॉवर आणून उभे केलेले असतात. आप्पा रिमोट उचलतात आणि त्याच्या डोळ्यांदेखत 'स्मॉल' करून टाकतात.

"आप्पा, ऐंशी हजार घातल्यात. ल्हान कुठनं दिसलं तुमास्नी?"

"ह्यो आकार न्हाई दादा. ही कामाची वाटणी हाय."

आणि ते बरोबर सांगत असतात. 'स्मॉल' म्हणजे ठरावीक कंपनांच्या खालचा जड आवाज या स्पीकरकडे पाठवायचाच नाही, तो सबवूफरने ओढायचा. ही सीमारेषा बहुधा ८० हर्ट्झवर ठेवतात. जॉर्ज लुकास यांच्या कंपनीतून १९८३ साली टीएचएक्स नावाची मानकं निघाली, त्यांनी हाच आकडा रूढ केला. त्याच्या खालचा आवाज कुठल्या दिशेने येतोय हे कानाला नीट उमगत नाही, म्हणून तो कोपऱ्यातल्या एकट्या सबवूफरमधून आला तरी चालतं. टॉवर मोकळे होतात, अ‍ॅम्प्लिफायरवरचा भार हलका होतो आणि मधला आवाज स्वच्छ येतो. यजमान मान डोलावतो. आप्पा गेले की दार लावून पहिलं काम करतो ते पुन्हा 'लार्ज' करण्याचं. पाहुण्यांनी मेनू उघडलाच तर?

आता नवीन रिसीव्हरबरोबर माइक येतो. डेनॉनमध्ये ऑडिसी, यामाहात वायपाओ, पायोनियरमध्ये एमसीएसीसी, नावं निराळी पण काम एकच. बसायच्या जागी कानाच्या उंचीवर माइक ठेवायचा, प्रत्येक स्पीकरमधून 'व्हुप व्हुप' असा आवाज निघतो, तो ऐकून यंत्र अंतर, पातळी आणि खोलीचे दोष स्वतःच ठरवतं. अट एवढीच, की तेवढा वेळ घरात शांतता पाहिजे. ज्यांनी हे यंत्र बनवलं त्यांच्या घरी संध्याकाळी सात वाजता शांतता मिळत असावी.

आप्पा डब्यावर डबा रचून त्यावर माइक ठेवतात. सगळ्यांना श्वास रोखायला लावतात. पहिला 'व्हुप' होतो आणि कुकर शिट्टी देतो. वहिनींना गॅस बंद करायला लावून दुसऱ्यांदा सुरुवात, तर गोठ्यात म्हैस हंबरते. तिसऱ्यांदा मारुतीच्या देवळात हरिपाठ सुरू होतो, आणि तो बंद करा म्हणण्याची आप्पांची प्राज्ञा नाही. हरिपाठ संपतो तोवर रस्त्याने उसाचा ट्रॅक्टर येतो. पडद्यावर अक्षरं उमटतात की आजूबाजूचा आवाज फार आहे. आप्पा चिडून रस्त्यावर धावतात, ट्रॅक्टर अडवतात. ड्रायव्हर खाली वाकून कौतुकाने सांगतो, "आप्पा, तुमी लावल्याली स्पीकर अजून एक नंबर वाजत्यात!"

अखेर मोजणीचा मुहूर्त मध्यरात्रीचा निघतो. त्या वेळी थ्री फेज वीज येते, म्हणून यजमान बॅटरी घेऊन दारं धरायला रानात गेलेला. घराचा मालक उसात, आप्पा हॉलमध्ये, आणि 'व्हुप व्हुप' ऐकून चोर-चोर करत जागी झालेली अर्धी आळी अंगणात.

सकाळी निकाल वाचला जातो. सबवूफरचं अंतर १९ फूट. हॉल आहे चौदा फुटांचा. म्हणजे यंत्राच्या मते सबवूफर भिंतीपलीकडे, चुलत्याच्या हद्दीत आहे. यजमानाच्या तोंडचं पाणी पळतं, कारण त्याच भिंतीवरून भावकीत केस चालू आहे. आप्पा समजावतात. यंत्र पट्टीने मोजत नाही, आवाज यायला किती वेळ लागला त्यावरून अंतर काढतं. हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे फुटाला एक मिलिसेकंदही लागत नाही. सबवूफरच्या पोटातलं सर्किट आवाज चार-पाच मिलिसेकंद अडवून ठेवतं, तेवढे फूट वाढतात. आकडा खोटा दिसला तरी तोच ठेवायचा. "आकडा राहूंद्या," यजमान म्हणतो, "पर वकिलाला काय सांगू नका."

सबवूफरची जागा हे तर स्वतंत्र प्रकरण आहे. तो कोपऱ्यात ठेवला की नुसता घुमतो. जागा शोधायची खरी रीत अशी, की सबवूफर सोफ्यावर बसायच्या जागी ठेवायचा, जाड आवाजाचं गाणं लावायचं आणि आपण जमिनीवर रांगत भिंतीकडेने कान लावत फिरायचं. जिथं बेस सारखा आणि स्वच्छ लागेल तिथं सबवूफर नेऊन ठेवायचा. आप्पा धोतराचा सोगा खोचून रांगायला लागतात. सोफ्यावर सबवूफर बसलेला, आणि पन्नाशी ओलांडलेला माणूस सोप्यापासून शोकेसपर्यंत गुडघ्यांवर. आतून म्हातारी येते.

"काय हरवलं रं आप्पा?"

"बेस, मावशी."

"मग लाइट लाव की."

सगळं रांगून झाल्यावर योग्य जागा सापडते ती बरोबर देवघराखाली. तिथं ठेवला तर समईची ज्योत गाण्याबरोबर नाचते आणि घंटा आपोआप वाजते. देव हलणार नाहीत, म्हणून सबवूफर हलतो आणि होता त्या कोपऱ्यात परत जातो. बाकीच्यांचीही तीच गत. एक पुढचा स्पीकर फरशीवर, दुसरा शोकेसवर कुस्तीच्या ढालीशेजारी. मागचे दोन सराउंड कानांच्या थोडे मागे, दोन बाजूंना असायला हवेत. त्यातला एक वहिनींनी स्वयंपाकघरात नेलेला, भाकरी थापताना मालिका ऐकू यावी म्हणून. मधला सेंटर स्पीकर शोकेसच्या काचेआड, धूळ बसू नये म्हणून काच बंद. आणि मग म्हातारीची तक्रार येते, की सासू काय बोलली ते ऐकू येत नाही, ढॅण ढॅण तेवढं तीनदा ऐकू येतं.

सिनेमातली बहुतेक वाक्यं या सेंटरमधूनच येतात. आप्पा त्याची पातळी तीन डेसिबल चढवतात, मेनूत शिरून रात्रीचा मोड लावतात, म्हणजे मोठे आवाज दबतात आणि बारीक वर येतात. तरी भागत नाही. शेवटी शाळेतून आलेली नात काच सरकवते. आप्पा तिच्याकडे असं बघतात, जणू पोरीने पेपर फोडला.

आता त्यांच्या मुख्य दोषाकडे येतो. आप्पांना आवाज कळतो, पण ते ऐकत काहीच नाहीत. 'सैराट' २०१६ साली आला. अजय-अतुल यांनी त्याचं वाद्यवृंदाचं संगीत थेट लॉस एंजेलिसला, सोनीच्या स्कोअरिंग स्टेजवर जाऊन ध्वनिमुद्रित केलं. आप्पांनी या सिनेमावर गावातले सगळे होम थिएटर लावले. कुठल्या मिनिटाला सबवूफर थरथरला पाहिजे आणि कुठे व्हायोलिनं डावीकडून उजवीकडे पसरली पाहिजेत, हे त्यांना तोंडपाठ आहे. पण आर्ची-परशाचं पुढे काय झालं ते त्यांना माहीत नाही. त्या सिनेमाच्या शेवटी आवाजच काढून घेतलेला आहे. तिथं तपासण्यासारखं काही नाही म्हणून आप्पा कधी तिथवर पोचले नाहीत. सगळ्या महाराष्ट्राला हादरवून गेलेला तो शेवट एका माणसाला लागला नाही, कारण तिथं बेस नव्हता.

क्रिकेटचंही तसंच. अटीतटीच्या सामन्यात शेवटची षटकं चालू असताना ते डाव्या स्पीकरची लाल-काळी वायर उलटी आहे का बघायला मागे शिरतात. (एकदा ती खरोखर उलटी निघाली. दोन स्पीकर एकमेकांविरुद्ध हलत होते, त्यामुळे बेस मरत होता आणि मधला आवाज विरत होता. समालोचक कुठेतरी लांब बोलतोय आणि प्रेक्षक मात्र घरात, असं वाटायचं. तो दिवस आप्पा अजून सांगतात.) आवाज चांगला लागला की त्यांना करमत नाही. बिटस्ट्रीमचं पीसीएम करतात, पीसीएमचं बिटस्ट्रीम करतात, ओठ आणि शब्द जुळलेले असताना पुन्हा जुळवायला घेतात.

गप्प होतात ते एकाच जागी. आषाढवारीत सोपानकाकांची पालखी कोऱ्हाळ्यात मुक्कामाला येते, कीर्तन उभं राहतं, मिक्सरवर अर्थातच आप्पा. पण पखवाजी मांडी घालतो, कणकेचा गोळा थुंकीएवढ्या पाण्याने भिजवतो, डाव्या पुडीवर थापतो, दोन चापट्या मारतो, बोटभर कणीक काढून टाकतो. बेस लागला. ना माइक, ना मेनू. आप्पा तेवढा वेळ कुठल्याही बटणाला हात लावत नाहीत. नंतर मोबाइल काढून डेसिबल मोजतात, तो भाग वेगळा. तोच मोबाइल ते वरातीतल्या डॉल्बीपुढेही धरतात आणि निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ ही कायद्याची मर्यादा मोठ्याने ओरडून सांगतात. डॉल्बीपुढे ते ऐकू जात नाही.

तुमच्याकडे असे आप्पा येणार असतील तर पाच गोष्टी आधीच उरकून घ्या. आहे त्या सेटिंगचा पडद्यावरून फोटो काढून ठेवा. सबवूफर कोपऱ्यातून हातभर पुढे ओढा, वायरींची लाल-काळी टोकं तपासा, शोकेसची काच उघडा आणि एक सतरंजी अंथरा. निम्मं काम इथेच होतं. उरलेलं आप्पांना करू द्या, रिमोट त्यांच्या हातून ओढून घेऊ नका, सिनेमा मात्र ते गेल्यावर लावा. आणि चहा बिनसाखरेचा द्या. कारखान्याचे सभासद असले तरी त्यांना शुगर आहे.